पंक्तीला बसण्यापूर्वी

चैत्र मास उजाडला की महाराष्ट्राच्या घराघरांत मंगल दिवसांची मालिका सुरू होते. गुढीपाडवा, रामनवमी, हनुमान जयंती असे सण एकामागून एक येतात. याच सुमारास आपल्या शेजारची ख्रिस्ती कुटुंबे त्यांच्या वर्षातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत आनंदाचा सप्ताह पाळीत असतात. नाताळ ठरल्या तारखेला येतो. ईस्टरचे तसे नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील पहिला रविवार, अशी त्याची ढोबळ गणना आहे. म्हणजे आपल्या तिथींप्रमाणे तोही चंद्राच्या कलांवर अवलंबून असतो आणि बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या आगेमागेच येतो.

या सप्ताहातील गुरुवार विशेष महत्त्वाचा. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांसह शेवटचे भोजन केले, त्या रात्रीचे स्मरण या दिवशी होते. त्या भोजनात त्याने भाकर मोडून शिष्यांना वाटली, द्राक्षरसाचा प्याला सर्वांपुढे फिरविला, आणि आपल्या स्मरणार्थ हे करीत राहा असे सांगितले. गेली दोन हजार वर्षे ख्रिस्ती जगत् ती आज्ञा पाळीत आले आहे. या विधीला कॅथॉलिक मंडळी मिस्सा म्हणतात, मराठी प्रॉटेस्टंट प्रभुभोजन म्हणतात, केरळातून आलेले ख्रिस्ती कुर्बान म्हणतात. कुर्बान या शब्दाचा मूळ अर्थ अर्पण, नैवेद्य असाच आहे.

परंतु या भोजनाहूनही विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती भोजनापूर्वीची तयारी. ताट वाढण्याआधी मन कसे असावे, याचा जो विचार या परंपरेने केला आहे, तो नित्य देवपूजा करणाऱ्या कोणाही गृहस्थाला आपलासा वाटावा असा आहे.

तलावाकाठची दोन देवस्थाने

ठाण्याच्या मासुंदा तलावाशी ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र परिचयाचे आहे. एका बाजूस कोपिनेश्वराचे प्राचीन शिवस्थान, आणि त्याच तलावाच्या परिसरात पोर्तुगीज अमदानीपासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्ट हे चर्च. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, पोर्तुगीजांची सत्ता गेली. पण येथील ख्रिस्ती रयत येथेच राहिली. ती याच मातीतली होती. तिची बोली मराठीची, तिची शेतेभाते येथली. पुढे १८८७ साली या समाजाने मुंबईत आपली संस्था स्थापिली आणि ईस्ट इंडियन हे नाव धारण केले.

कल्याणचा संबंध तर याहूनही जुना असावा. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषक प्रवाशाने कल्लियाना नामक बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे कल्लियाना म्हणजेच आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. इतिहासाचे चक्र असे की, १९८८ साली केरळीय सीरो-मलबार परंपरेच्या महाराष्ट्रातील भाविकांसाठी जो धर्मप्रांत स्थापन झाला, त्यालाही कल्याणचेच नाव देण्यात आले. नोकरीधंद्यानिमित्त कल्याण-डोंबिवलीत स्थायिक झालेल्या केरळीय, गोमंतकीय आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांमुळे आज या परिसरात एकाच रविवारी अनेक भाषांत ही उपासना चालते.

ठाण्यातील सेंट जेम्स चर्चची कथा वेगळी आहे. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर पश्चिम भारताच्या दौऱ्यावर आले असता त्यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. पुढच्याच वर्षी तिरुचिरापल्ली येथे त्यांचा आकस्मिक अंत झाला. हीबर हे कवी होते. प्रभुभोजनाविषयी त्यांनी रचलेले एक लहानसे इंग्रजी स्तोत्र त्यांच्या निधनानंतर, १८२७ साली, त्यांच्या स्तोत्रसंग्रहातून प्रसिद्ध झाले आणि आजही अनेक देशांत गाइले जाते.

देहाचा उपवास

तयारीचा प्रारंभ चाळीस दिवस आधी होतो. भस्म बुधवारी कपाळाला राख लावून घेऊन भाविक आपल्या मर्त्यत्वाचे स्मरण करतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या जाळून ही राख करण्याची जुनी प्रथा आहे. ज्या हिरव्या पानांनी गतवर्षी जयजयकार केला, तीच पाने आज भस्म होऊन कपाळी येतात. भस्मधारणेचा अर्थ ज्यांना कळतो, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यानंतरच्या दिवसांत सामिष भोजनाचा संयम, दानधर्म आणि प्रार्थना या तीन गोष्टींवर भर असतो. चैनीचा जो पैसा वाचेल तो गरिबांकडे जावा, असा संकेत आहे.

मिस्साच्या दिवशीचा उपवास वेगळा. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता कॅथॉलिक भाविक सकाळच्या उपासनेला जात. विसाव्या शतकात सायंकाळची उपासना सुरू झाली, पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या श्रमिकांचा विचार झाला, आणि नियम सौम्य होत गेला. १९५७ साली तो तीन तासांवर आला आणि १९६४ च्या नोव्हेंबरात पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. पाणी व औषध यांना मुभा आहे. वृद्ध व आजारी यांना आणखी सवलत आहे.

उपवास एका तासाचा झाला म्हणून तयारी सोपी झाली, असे मात्र नव्हे. उपवास या शब्दाचा आपल्याकडील अर्थच मुळी जवळ वास करणे असा आहे. देवाजवळ बसावयाचे तर पोट रिकामे असणे ही पहिली पायरी झाली. मन रिकामे करणे ही पुढची, आणि ती चढणे फार अवघड.

मनाचा झाडा

या दुसऱ्या पायरीसाठी कॅथॉलिक परंपरेत पापनिवेदनाचा संस्कार आहे. गोमंतकीय घरांत त्याला कोंकणीत कुमसार म्हणतात, तर प्रसादग्रहणाला कुमगार. ठाणे-डोंबिवलीतील गोमंतकीय वृद्धांच्या बोलण्यात हे दोन शब्द जोडीने येतात, कारण एकाशिवाय दुसरे नाही अशी त्यांची धारणा. हातून गंभीर पाप घडले असेल, तर निवेदन केल्यावाचून सामान्यतः प्रसाद घेता येत नाही. वर्षातून निदान एकदा निवेदन करावे आणि ईस्टरच्या काळात निदान एकदा प्रसाद घ्यावा, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने घालून दिला.

या संस्काराचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. प्रथम स्वतःचे मन तपासावयाचे: कोणाशी खोटे बोललो, कोणाचे बुडविले, कोणाला तोडून टाकले. नंतर त्याविषयी खरा खेद. मग पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय. त्यानंतर धर्मगुरूंसमोर स्पष्ट शब्दांत कबुली. शेवटी त्यांनी सांगितलेले प्रायश्चित्त. कबुलीत ऐकलेला शब्द धर्मगुरूंनी कोणत्याही परिस्थितीत, प्राणावर बेतले तरीही, बाहेर काढावयाचा नाही. आणि एक गोष्ट विसरता कामा नये. दुसऱ्याचे द्रव्य घेतले असेल, तर केवळ कबुलीने सुटका नाही. ते परत करावयास हवे. दुसऱ्याचे नाव बदनाम केले असेल, तर ते जमेल तितके धुऊन काढावयास हवे. देवाला सांगितले म्हणून माणसाचे देणे फिटत नाही.

लहान मुलांनाही या तयारीतून वगळलेले नाही. पूर्वी दहा-बारा वर्षांच्या, कित्येकदा त्याहूनही मोठ्या मुलांनाच पहिला प्रसाद मिळे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी निर्णय दिला की, सातव्या वर्षाच्या सुमारास मुलाला समज येते. ही भाकर नित्याच्या भाकरीहून निराळी आहे एवढे त्याला उमगले, म्हणजे पुरे. तेव्हापासून पहिल्या प्रसादाआधी मुलांना शिकवणी दिली जाते. शुभ्र वस्त्रांतली ती मुले आपण चर्चच्या दारात पाहतो. त्या वस्त्रांआधी त्या चिमुकल्यांनी आपल्या आयुष्यातला पहिला कबुलीजबाब दिलेला असतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. भावंडाला मारले, आईशी खोटे बोललो, एवढीच ती पापे. परंतु आपली चूक आपल्या तोंडाने उच्चारण्याचा संस्कार त्या वयात होतो, ही थोडी गोष्ट नाही.

आधी भावाकडे जा

आत्मपरीक्षण हे एकांतात करावयाचे असते, आणि एकांतात मनुष्य स्वतःला फार लवकर क्षमा करतो. म्हणून ख्रिस्ताची एक शिकवण येथे कळीची ठरते. डोंगरावरील प्रवचनात तो सांगतो की, वेदीपाशी अर्पण घेऊन आला असताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर ते अर्पण तेथेच सोडून द्यावे, आधी भावाकडे जाऊन समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण करावे.

या उपदेशातील बारकावा सहज निसटून जातो. माझ्या मनात भावाविषयी राग आहे का, एवढेच येथे विचारलेले नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे का, हा प्रश्न आहे. आपले मन निर्मळ आहे असे सांगून सुटका करून घेण्याची वाटच येथे बंद केली आहे. वाटणीवरून भावाशी अबोला धरणारा, सुनेला पाण्यात पाहणारी, शेजाऱ्याशी भिंतीवरून न्यायालयात गेलेला, या सर्वांना हातातले फूल खाली ठेवावयास लावणारा हा नियम आहे.

हा नियम केवळ उपदेशात राहिला नाही. हीबरांच्या परंपरेचे १६६२ सालचे जे प्रार्थनापुस्तक, त्यात प्रभुभोजनाच्या आरंभीच पाळकाला सूचना आहे की, ज्या दोघांत उघड वैर आहे त्यांना समेट होईपर्यंत या भोजनाला घेऊ नये. पुढचे कलम अधिक शहाणपणाचे आहे. दोघांपैकी एक जण मनापासून क्षमा करण्यास आणि आपली चूक भरून देण्यास तयार असेल, आणि दुसरा हट्टाने नकार देत असेल, तर तयार असलेल्याला पंगतीत घ्यावे. हट्टी असलेल्याला नव्हे. समेटासाठी टाळी दोन हातांनी वाजावी लागते हे खरे. परंतु ज्याने आपला हात पुढे केला त्याची तयारी पूर्ण झाली, असे येथे मानले आहे.

सीरो-मलबार कुर्बानात हीच गोष्ट कृतीतून दिसते. शांतीचा स्पर्श वेदीपाशी सुरू होतो आणि हातातून हातात असा शेवटच्या भाविकापर्यंत पोहोचतो. आपल्या शेजारी कोण उभा आहे हे निवडण्याची सोय त्यात नाही. भारतातील लॅटिन परंपरेच्या उपासनेत १९६९ साली जे बारा बदल मान्य झाले, त्यांत परस्परांना हात जोडून शांती देण्याची, पंचांग प्रणामाची आणि आरतीचीही मुभा देण्यात आली.

करिंथची पंगत

या तयारीविषयीचे सर्वांत प्रसिद्ध वचन संत पौलाचे आहे. मनुष्याने स्वतःची पारख करावी आणि मगच ही भाकर खावी, असे त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथ नगरीतील मंडळींना लिहिले. हे वचन पुष्कळांना पाठ असते. ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

करिंथ हे ग्रीसमधील भरभराटीचे व्यापारी शहर. तेथील ख्रिस्ती मंडळी एकत्र जेवत आणि त्या जेवणातच प्रभूचे स्मरण करीत. सधन मंडळी आधी येत, आपले आणलेले अन्न आपणच खात, मद्यही घेत. दिवसभर राबून येणारे गरीब उशिरा पोहोचत, तोवर पाने रिकामी झालेली असत. कोणी उपाशी, कोणी नशेत, आणि नाव मात्र प्रभुभोजनाचे. पौलाचा संताप यावर होता. आत्मपरीक्षणाचा आदेश देऊन तो शेवटी जे सांगतो ते अगदी साधे आहे: जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

अंतःकरणाच्या तयारीचा सारा डोलारा या थांबण्यावर उभा आहे. स्वतःच्या पापांची मोजदाद करण्यात गढून गेलेला मनुष्यही शेजारच्या रिकाम्या पानाकडे पाहावयास विसरू शकतो. अशा मनुष्याची शुद्धी पुरी झाली, असे पौल मानीत नाही.

महाराष्ट्रातील कसोटी

महाराष्ट्राला ही गोष्ट कळावयास करिंथपर्यंत जावे लागत नाही. पंक्तिप्रपंच हा शब्द आपलाच आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनने १८३३ साली मंडळी स्थापन केली. समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतील माणसे या मिशनच्या मंडळ्यांत मोठ्या संख्येने आली. १८३९ साली हरिपंत खिस्ती यांच्यासारखा ब्राह्मण तेथे दीक्षित झाला. एका भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातील घोट, ही तेथील रीत. ज्या हाताचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य मानले, त्या हातानंतर प्याला आपल्या ओठाला लावणे, हीच त्या काळच्या मनुष्याची खरी परीक्षा होती. चाळीस दिवसांचे उपवास त्यापुढे सोपे.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही परीक्षा घराच्या आत कशी उतरते ते ठाऊक आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्यावरही आपले सोवळे आणि आपली चूल सांभाळून राहिल्या. कोणी बळजबरी केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि दीक्षा त्यानंतर, १९०० साली झाली. आधी विटाळ मनातून गेला, मग विधी झाला. अंतःकरणाची तयारी म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ मराठी उदाहरण सापडणे कठीण.

अर्थात, ख्रिस्ती समाजही या रोगापासून मुक्त राहिला असे नव्हे. दक्षिणेतील काही चर्चमध्ये जातीजातींच्या बसण्याच्या जागा दीर्घकाळ वेगळ्या होत्या. वेदी एक आणि बाके दोन, हे दुःख त्यांच्यातील विचारवंतांनीच उघडपणे बोलून दाखविले आहे.

आणि ही ओढ आपल्या परंपरेतही होतीच. श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढणाऱ्या एकनाथांची कथा चरित्रकारांनी सांगितली आहे. सप्ताहाच्या अखेरीस वारकरी काला करतात, तेव्हा सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून तो प्रसाद एकमेकांच्या मुखी घालतात. उच्चनीच तेथे उरत नाही. तरीही विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी प्राण पणाला लावावे लागले. काल्याची शिकवण आणि राउळाचे दार यांत शतकांचे अंतर पडले होते. शेवटी ते एका माणसाच्या उपवासाने मिटले.

पाहुण्याने काय करावे

शेजारधर्माने आपण ख्रिस्ती स्नेह्यांच्या विवाहास किंवा अंत्यविधीस चर्चमध्ये जातो, तेव्हा हा प्रसंग येतो. सारे रांगेने वेदीकडे निघतात. अशा वेळी ख्रिस्तेतर पाहुण्यांनी आपल्या जागीच शांत बसावे. हा प्रसाद दीक्षा घेतलेल्यांसाठी आहे. त्यात आपला अनादर नाही. आपल्याकडेही काही विधींना दीक्षा लागतेच. न घेता बसून राहणे, हाच तेथे आदर होय.

आदराचा असा एक प्रसंग मुंबईने मोठ्या प्रमाणावर पाहिला. १९६४ च्या अखेरीस या प्रभुप्रसादालाच वाहिलेली जागतिक धर्मपरिषद मुंबईत भरली आणि पोप सहावे पॉल तिला आले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी असत्याकडून सत्याकडे, तमाकडून ज्योतीकडे आणि मृत्यूकडून अमृताकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली. एका धर्माचे आचार्य दुसऱ्या धर्माच्या ओंजळीतून पाणी प्यावे तसे ते होते.

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास आपण नैवेद्याचे ताट वाढू. पाटाभोवती रांगोळी घालू, पाणी फिरवू, डोळे मिटू. त्या क्षणापूर्वी घरात कोणाशी बोलणे टाकलेले असेल, तर आधी त्याच्याकडे जावे. दारात कामाला आलेल्या बाईने सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे आधी विचारावे. घरातील जी व्यक्ती कायम सर्वांचे झाल्यावर शेवटी जेवते, तिच्यासाठी आज सर्वांनी थांबावे. देव थोडा वेळ थांबेल. ताट थोडे निवले तरी तो रागावणार नाही.